ख्रिस्तपुराणांतील ‘वैकुंठ’ आणि पाठशुद्धीचा मोह

सोलापुरास शाळेंत संस्कृत शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें होतें, “येशू हा देव, कीं देवाचा पुत्र, कीं मनुष्य?” त्या वेळीं मीं उत्तर टाळलें. पुढें फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण वाचतांना दिसलें कीं, तेथेंही साष्टीचा एक ब्राह्मण पाद्री-गुरूपुढें जिज्ञासा घेऊन उभा आहे. जुनीं पुराणें सुटलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं द्या, ही त्याची मागणी. अकरा हजारांच्या आसपास ओव्या हें तिचें उत्तर.

या उत्तरांत एक विलक्षण निवड आहे. येशूचें धाम सांगतांना स्टीफन्स बेधडक ‘वैकुंठ’ म्हणतो. परंतु ‘ख्रिस्त’ या पदाचें तो भाषांतर करीत नाहीं. वस्तुतः तें मूळचें विशेषनाम नव्हे. ‘अभिषिक्त’ या अर्थाच्या हिब्रू पदाचा तो ग्रीक पर्याय होय, आणि अभिषेक आपणांस कांहीं अपरिचित नाहीं. स्थळ घेतलें, व्यक्तीचें नांव मात्र परकेंच राखिलें! वैकुंठीं राहणारा हा विष्णु नव्हे, हें श्रोत्यास पदोपदीं जाणवावें, असाच हेतु मला दिसतो. शोभेसाठीं शब्द वेंचणाऱ्याचें हें काम नव्हे.

आतां पाठाचा प्रश्न. ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापिला गेला. ती लिपि खुषीची नव्हती. युरोपांतील चोवीस साच्यांच्या जागीं येथें सहाशें पाडावे लागतील, ही अडचण स्टीफन्सनें १६०८ च्या पत्रांत मांडिली आहे. सालढाणा यांची १९०७ ची मंगळूरची आवृत्ति रोमन हस्तलिखितांवरून सिद्ध झाली. १९२३ सालीं जस्टिन ॲबट यांनीं लंडनच्या मार्सडेन-संग्रहांतील नागरी पोथी पुढें आणिली व तीच ‘मूळ’ ठरविली. रोमन पाठांत पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञा आहेत, नागरींत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द. यास्तव नागरी आधीची, असा एकंदर कल.

हें अनुमान मला लंगडें वाटतें. अपरिचित शब्द काढून परिचित घालणें हा लेखकूंचा नित्याचा व्यवहार. पोथ्या जुळविणाऱ्यांस तो सांगावयास नको. शिवाय स्टीफन्सचीच ‘दौत्रिना’ त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं छापली गेली. ती कोंकणींत असून तिची रचनाही गुरु-शिष्य संवादाची आहे, आणि तींत पवित्र आत्म्याची संज्ञा परकीय वळणाचीच आहे. म्हणजे परकी संज्ञा राखणें ही ग्रंथकाराची रीत होती. कोणी म्हणेल, बाळबोध पुस्तकाचें वळण निराळें, पुराणाचें निराळें. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी नागरी पोथी त्याज्य म्हणत नाहीं, ‘मूळ’ हा शब्द तेवढा मागें घ्यावा असें म्हणतों.

येथें आणखी एक घोटाळा होतो. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आवृत्ति नागरींत आहे खरी, पण ती सालढाणांच्या रोमन पाठाचें लिप्यंतर होय. तिला लंडनच्या पोथीची साक्ष म्हणून उभें करणें चूक आहे.

दक्षिण कोंकण वा कानडा प्रांताकडील कोणा संग्राहकापाशीं या पुराणाचीं सुटीं पानें असतील, तर त्यांतील धर्मसंज्ञा, अशुद्ध दिसल्या तरी, अक्षरशः उतरून पाठवाव्यात.