‘अखार्नियन्स’ नाटकाची साक्ष

अथेन्स-स्पार्टा युद्धाच्या सहाव्या वर्षीं, इ. स. पू. ४२५ त, लेनाया उत्सवांत ॲरिस्टोफनीसचें ‘अखार्नियन्स’ प्रथम पारितोषिकास पात्र ठरलें. दहाव्या शतकांतील रावेन्ना-पोथींत तें सुरक्षित आहे. त्यांतील शेतकरी शत्रूशीं स्वतःपुरता तह करितो. यावरून अथेन्सचे लोक तहास अनुकूल होते, असें अनुमान काढण्यांत येतें. तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. पुढील वर्षीं युद्धपक्षीय क्लेऑनची टर उडविणाऱ्या ‘घोडेस्वार’ नाटकासही त्याच लोकांनीं पहिला मान दिला, आणि लगेच क्लेऑनलाच सेनापति निवडलें! तह झाला तो ४२१ त, क्लेऑन रणांत पडल्यानंतर. मात्र ऐन युद्धांत, सरकारी उत्सवांत, शत्रूचीही बाजू बोलतां येत होती, एवढें या नाटकानें निःसंशय सिद्ध होतें. आणि तें थोडें नव्हे.