एका माळेच्या दोन मोटारी

मराठी माणसापुढे निवड करायला दोन वस्तू कधी ठेवू नयेत. तो त्यांतली एक उचलत नाही. दोन्हींवर टीका करत बसतो. दोन दिवाळी अंक ठेवा, दोन उमेदवार ठेवा, नाहीतर दोन दुकानांतलं श्रीखंड ठेवा. पहिल्याला नावं ठेवील, दुसऱ्याला त्याहून जास्त ठेवील आणि शेवटी 'पूर्वीसारखं राहिलं नाही' असं म्हणून पाणी पिऊन उठेल. मोटारीच्या बाबतीत आमच्या तरुणपणी ही आफत नव्हती. फियाट की अँबॅसडर, एवढाच काय तो प्रश्न. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट पाहायची. गाडी दारात येईपर्यंत नंबर लावणाऱ्याच्या केसांचा रंग बदललेला असे. मग गाडीचा रंग कोणता, हे विचारण्याचा उत्साहच राहत नसे.

आता सगळंच मुबलक. त्यामुळे माझा भाचा संकटात सापडला. तो कोथरूडला राहतो आणि हिंजवडीला नोकरी करतो. म्हणजे आयुष्याचा बराचसा भाग तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी काढतो. मला म्हणाला, "मामा, एक परवडणारी, रोज वापरता येईल अशी, पण स्पोर्टी सेडान घ्यायचीय." एका गाडीला एवढी विशेषणं, आणि त्यांतल्या एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही! वधूवरसूचक मंडळाच्या बाहेर असं वाक्य मी प्रथमच ऐकलं. तरी सल्ला देणं भागच होतं. मोटार मी पन्नास वर्षं चालवतो आहे आणि नाटकांची परीक्षणं तीस वर्षं लिहिली, तेव्हा दोन्ही अंगांनी माझा अधिकार पोचतो.

भाच्याने निवड दोन गाड्यांवर आणून ठेवली होती : स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस. आता गंमत अशी, की या दोघी सख्ख्या जुळ्या बहिणी. माहेर एकच, आपलं चाकण. स्लाव्हिया २०२२च्या फेब्रुवारीत बाजारात आली, व्हर्टस त्याच साली जूनमध्ये. सांगाडा एक, इंजिनं तीच. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोघींचं २६५१ मिलिमीटर, पोटाखालची मोकळी जागा १७९ मिलिमीटर, डिकी ५२१ लिटरची. म्हणजे तेलाचे पंधरा लिटरवाले चौतीस डबे ओतून वर फोडणीपुरतं तेल उरेल. ग्लोबल एनकॅपने या गाड्या आपटून पाहिल्या आणि २०२३ साली दोघींनाही मोठ्या माणसांसाठी पाच आणि मुलांसाठी पाच असे तारे दिले. व्हर्टस तेवढी २० मिलिमीटरने लांब आहे. पण चाकांमधलं अंतर तेच असल्यामुळे हे पेरभर जास्तीचं अंग नाकात तरी गेलंय नाहीतर शेपटीत. आत बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलेलं नाही.

एकच नाटक दोन नाट्यसंस्थांनी बसवावं, तसा हा प्रकार. संहिता तीच, नेपथ्यही बरंचसं तेच; नायिकेची साडी वेगळी. स्लाव्हियाच्या स्टिअरिंगला दोन आरे, व्हर्टसच्याला तीन. एकीचा चेहरा जरा नटवा, दुसरीचा इस्त्री केल्यासारखा. भाचा यावर पंधरा दिवस झोपला नव्हता.

नावांकडे मात्र परीक्षकाने पाहिलंच पाहिजे. 'व्हर्टस' हा लॅटिन शब्द. अर्थ शौर्य, मर्दुमकी. 'स्लाव्हिया'चं मूळ त्याहून साधं आणि मला त्याहून प्यारं. लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी १८९५ साली आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव्ह या गावी सायकलींचा उद्योग काढला. त्या सायकलींचं नाव स्लाव्हिया. पुढे त्याच उद्योगाची स्कोडा झाली. म्हणजे भाचा लाखो रुपये मोजून ज्या गाडीचा विचार करत होता तिचं नाव मुळात सायकलीचं. पुण्याच्या माणसाला यापेक्षा घरगुती नाव कोणतं असणार? बाकी 'स्कोडा' हे आडनाव असलं, तरी चेक भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'नुकसान' किंवा 'अरेरे' असा होतो. हे मी भाच्याला कर्जाचा हप्ता मोजून झाल्यावर सांगितलं.

आता 'परवडणारी' या विशेषणाकडे वळू. २०२२ साली बाजारात आल्या तेव्हा स्लाव्हिया १० लाख ६९ हजारांपासून सुरू होत होती आणि व्हर्टस ११ लाख २१ हजारांपासून. दोघींचे वरचे प्रकार अठरा लाखांच्या उंबरठ्यापर्यंत जात होते. हे आकडे शोरूममधले. शोरूममधून रस्त्यावर येताना मोटारीला कर, विमा वगैरे जे लागतं, ते निराळंच. म्हणजे एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या टोकांत जवळजवळ सात लाखांची दरी. दोन बहिणींमधला फरक मात्र हजारांतला. भाचा हजारांच्या फरकावर झोप घालवत होता आणि लाखांच्या फरकाकडे त्याचं लक्षच नव्हतं. आपण मध्यमवर्गीय असेच. कोथिंबिरीच्या जुडीला घासाघीस करतो आणि फ्लॅट बिल्डर सांगेल त्या किमतीला घेतो.

खरा प्रश्न बहिणींमधला नव्हताच. दोन इंजिनांमधला होता. धाकटं इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, ताकद ११५. थोरलं दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, ताकद १५०. ही ताकद युरोपातल्या अश्वशक्तीत मोजलेली. एक अश्वशक्ती म्हणजे पंचाहत्तर किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. पंचाहत्तर किलो म्हणजे साधारण मी, जेवणानंतरचा. तेव्हा थोरलं इंजिन माझ्यासारखी दीडशे माणसं सेकंदात मीटरभर वर उचलू शकतं, म्हणजे आमची अख्खी सोसायटी, सेक्रेटरीसकट.

पण उचलायचं कुणाला? आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी पेन्सिल घेऊन हिशेब करून दिला. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या संथ वेगाने चालताना अशा गाडीला लागतात तीन-चार घोडे. एक्सप्रेस वेवर मोटारींना ताशी १००ची मर्यादा आहे, त्या वेगालाही वीसच्या आतबाहेर पुरतात. उरलेले एकशेतीस घोडे निवांत रवंथ करत बसतात. (घोडे रवंथ करत नाहीत, हे मला ठाऊक आहे, पण हिंजवडीच्या रस्त्यावर थांबून थांबून तेही शिकतील.)

आता 'स्पोर्टी' या शब्दाचा समाचार घेतो. स्पोर्टी म्हणजे नेमका कोणता खेळ? परदेशी जाहिरातीत गाडी डोंगरातल्या ओल्या, रिकाम्या रस्त्यावर एकटी धावत असते. पुण्यात संध्याकाळी सहा वाजता जो खेळ चालतो, त्याला आम्ही कबड्डी म्हणतो. दम धरून पुढे घुसायचं, रिक्षा, टेम्पो आणि दुचाक्यांचा हात लागू न देता आपल्या अंगणात परत यायचं. या खेळाला मांड्यांची ताकद लागत नाही, श्वास लागतो.

आणि तरीही या दोघी गाड्यांना मी स्पोर्टी म्हणेन, पण घोड्यांसाठी नव्हे, बैठकीसाठी. सेडान जमिनीला धरून चालते. वजन खाली असल्यामुळे वळणावर ती उंच गाड्यांसारखी एका अंगाला कलत नाही. याच सांगाड्यावर २०२१ साली कुशाक आणि टायगुन या दोन उंच गाड्याही निघाल्या होत्या. वरून रस्ता छान दिसतो म्हणून लोक तशा गाड्या घेतात. सेडानवाल्याला रस्ता कमी दिसतो, पण जास्त कळतो. वळणावर स्टिअरिंग फिरवावं आणि गाडीने 'हो' म्हणावं, हे सुख ताशी ३० किलोमीटरलाही मिळतं, आणि दोन्ही इंजिनांत ते मिळतं.

थोरल्या इंजिनाची बाजू मांडल्याशिवाय मात्र हे परीक्षण न्यायाचं होणार नाही. माझी बहीण चिपळूणला असते. भाचा वर्षातून चार वेळा कुंभार्ली घाटाने तिच्याकडे जातो. कराड सोडलं, की उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर पुढे येतो. त्याला ओलांडताना समोरून येणाऱ्याच्या बाजूला तुम्ही किती वेळ राहता, यावर बरंच काही अवलंबून असतं. तिथे दीड लिटरचं इंजिन कामाला येतं. १६०० फेऱ्यांपासूनच ते सगळा जोर लावतं आणि काम झटकन उरकून आपल्या बाजूला येतं. तिथली ताकद चैनीची नाही. दर आठवड्याला घाट चढणाऱ्याने थोरलंच घ्यावं, आणि मी तसं म्हटलं म्हणून बायकोला सांगावं. पण वर्षातून चार वेळा जाणाऱ्याने ट्रॅक्टरमागे चार मिनिटं थांबावं. ऊस काही पळून जात नाही.

शिवाय गिअरचा मामला आहे. थोरल्या इंजिनाला जो सात गिअरचा ऑटोमॅटिक डबा मिळतो त्यात दोन कोरडे क्लच असतात. मोकळ्या रस्त्यावर तो इतक्या चपळाईने गिअर बदलतो, की कळतही नाही. पण मुंगीच्या चालीने सरकताना क्लच अर्धवट घसरत राहतो, आणि घसरला की तापतो. धाकट्याचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक जुन्या धर्तीचा. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं, ते सगळे धक्के पोटात घालतं. तो जरा सुस्त आहे खरा. टर्बोही फेऱ्या १७५० च्या पुढे गेल्याशिवाय पुरता जागा होत नाही. गतिरोधक ओलांडून पाय दाबला, तर गाडी क्षणभर विचार करते. पण रांगेत उभं राहण्याचा स्वभाव त्याचाच.

हे सगळं मी भाच्याला समजावलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "मामा, पटतंय. पण एकदा तरी दीडशेची घ्यावी असं वाटतं हो. अजून चार वर्षांनी मुलीची कॉलेजची फी, आईची औषधं... मग कुठली आलीय स्पोर्टी?" यावर मी गप्प बसलो. माणूस छत्तिसाव्या वर्षी घोडे मागतो, ते धावायला नव्हे. आपल्यालाही धावता आलं असतं, याचा पुरावा म्हणून. त्याला पेन्सिलीचा हिशेब दाखवणं हे परीक्षकाचं काम नव्हे.

तिढा सोडवला सूनबाईंनी. त्यांनी एकच विचारलं, "गाडी रोज चालवणार कोण?" खरं तर हे कुणी विचारलंच नव्हतं. भाचा आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो. मुलीला क्लासला सोडणं, सासूबाई आल्या की त्यांना डॉक्टरकडे नेणं, मंडईत जागा शोधणं, हे सगळं सूनबाई करतात. त्यांनी रविवारी सकाळच्या मोकळ्या बायपासवरची ट्रायल नाकारली. पावसाळ्यातल्या मंगळवारी, संध्याकाळी सहा वाजता, मागच्या सीटवर सासूबाईंना बसवून दोन्ही गाड्या आणि दोन्ही इंजिनं चालवून पाहिली. तीस वर्षं मी नाटकाच्या शुभारंभाच्या प्रयोगांना जाऊन परीक्षणं लिहिली. खरं नाटक मंगळवारच्या अर्ध्या रिकाम्या थिएटरात कळतं, हे मला ठाऊक होतं. या बाईंनी ते मोटारीला लावून दाखवलं.

निकाल असा लागला. थांबत-सरकत जाण्यात एक लिटरचा ऑटोमॅटिक शहाणा. बहिणीला बसताना दोन्हींत सारखंच वाकावं लागलं, उठताना दोन्हींत सारखाच हात द्यावा लागला; सेडानच्या सुखाची ही किंमत दोघीही सारखीच घेतात. म्हातारं माणूस घरात रोज असेल, तर शोरूमला जाताना त्याला बरोबर न्यावं. माहितीपत्रकात गुडघ्यांचा रकाना नसतो. आणि दोन बहिणींतून कुठली, याचं उत्तर : जिचं सर्व्हिस स्टेशन घराजवळ, ती.

मग भाच्याचं काय? त्याची सोय कंपनीनेच करून ठेवली होती. २०२४ साली व्हर्टसचा 'जीटी लाइन' नावाचा प्रकार निघाला. अंगभर काळा साज, छातीवर जीटीचं बिरुद आणि आत तेच धाकटं, घरगुती इंजिन. समीक्षक म्हणून मी याला दिखाऊपणा म्हणायला हवं. पण पोशाख शूराचा, पगार कारकुनाचा आणि संध्याकाळी वेळेवर घरी, अशी मध्यमवर्गाची इतकी खरी व्यक्तिरेखा मी रंगभूमीवरही फार थोड्या वेळा पाहिली आहे. फोक्सवॅगनचं सर्व्हिस स्टेशनही घराजवळच निघालं. गाडी आली. सूनबाई चालवतात, भाचा शेजारी बसून अभिमानाने बाहेर बघतो.

परवा बहिणीने विचारलं, "हिला घोडे किती रे?"

"एकशेपंधरा," भाचा जरा खालच्या आवाजात म्हणाला.

"पुष्कळ झाले की!" ती म्हणाली. "आमच्या वरातीच्या टांग्याला एकच होता. आणि तोसुद्धा वाटेत गवत खायला थांबला होता."