लुईस थॉमस यांचे निबंध : संशोधन आणि शुश्रूषा

शास्त्रज्ञाने लिहिलेले ललित गद्य मराठी वाचकाला अपरिचित नाही. इरावतीबाई कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि ‘परिपूर्ती’तील त्यांचे लेखन आपण ललित म्हणूनच वाचत आलो. वैद्यकीय संशोधनाच्या क्षेत्रातून मात्र असे लेखन क्वचितच येते. तेथला लेखक बहुधा उपदेश करतो, नाहीतर माहिती पुरवतो. अमेरिकेतील डॉ. लुईस थॉमस (१९१३–१९९३) यांनी या दोन्ही गोष्टी टाळल्या, म्हणून त्यांच्या निबंधांविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

थॉमस यांचे वडील डॉक्टर, आई परिचारिका. हार्वर्डमधून ते १९३७ साली वैद्यकीय पदवीधर झाले. न्यूमोनियाने तापलेल्या रोग्यापुढे त्या काळचा डॉक्टर जवळजवळ निरुपाय असे. निदान करावे, पुढे काय होण्याचा संभव आहे ते घरच्यांना सांगावे आणि उशाशी बसावे, एवढेच त्याच्या हाती होते. पुढे सल्फा औषधे आली, पेनिसिलीन आले आणि पाहता पाहता हे चित्र पालटले. हा पालट थॉमस यांच्या पिढीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. संशोधनावरील त्यांच्या अढळ विश्वासाचे मूळ आमच्या मते येथे आहे.

१९७१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी त्यांना एक सदर लिहावयास सांगितले. लेख सुमारे हजार शब्दांचा असावा, मानधन मिळणार नाही, पण मजकुरास कोणी हात लावणार नाही, असा करार होता. (असा करार किती लेखकांच्या वाट्याला येतो?) त्यातील २९ निबंधांचे ‘द लाइव्हज ऑफ अ सेल’ हे पुस्तक १९७४ साली निघाले आणि पुढच्या वर्षी त्यास अमेरिकेचा नॅशनल बुक अॅवॉर्ड हा पुरस्कार मिळाला. मुंग्या, पेशी, शब्दांच्या व्युत्पत्ती, बाखचे संगीत असे नाना विषय त्यात एका घरातल्या माणसांसारखे एकत्र नांदतात.

पेशीतील मायटोकॉन्ड्रिया हे मूळचे स्वतंत्र जिवाणू असावेत, हा विचार त्या वेळी नवा होता. थॉमस तो सांगतात तेव्हा आपल्याच देहात कोणी पाहुणे वस्तीला आहेत आणि त्यांच्यावाचून आपले बोटही हलणार नाही, अशी गंमतीची पण नम्र करणारी जाणीव होते. शब्दांविषयीही त्यांना असेच कुतूहल. पृथ्वीवाचक एका प्राचीन धातूपासून इंग्रजीत ‘मानव’ आणि ‘नम्र’ या दोन्ही अर्थांचे शब्द कसे आले, हे ते मोठ्या आनंदाने दाखवतात. संस्कृतातील ‘क्ष्मा’ हा पृथ्वीवाचक शब्दही त्याच कुळातला. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेणाऱ्या आपणांस माणूस आणि माती यांचे हे नाते नवे नसले, तरी ते भाषेच्या उदरातही दडलेले असावे, याचा आनंद होतोच.

मात्र पृथ्वी ही एका पेशीसारखी आहे असे ते म्हणू लागतात तेव्हा आम्ही थोडे थांबतो. वारुळापासून शहरापर्यंत आणि शहरापासून अवघ्या पृथ्वीपर्यंतची त्यांची उडी सुंदर आहे, पण मधल्या पायऱ्या त्यांनी बांधलेल्या नाहीत. हे उपमा म्हणून वाचावे, सिद्धान्त म्हणून नव्हे. मृत्यूनंतर आपली जाणीव जीवसृष्टीच्या कोणा विशाल स्मृतीत परत जात असावी, हे त्यांनी सुचवलेले समाधानही आम्हांस धूसर वाटते. शोकाकुल घरात ते कोणाच्या उपयोगी पडेल, असे वाटत नाही.

त्यांचा सर्वांत वादक्षम निबंध वैद्यकीय तंत्राविषयीचा आहे. ते उपचारांचे तीन प्रकार करतात. रोगाचे मूळ कळल्यावर येणारा उपाय साधा, स्वस्त व निर्णायक असतो; पोलिओची लस हे त्याचे उदाहरण. मूळ न कळता केलेला खटाटोप अर्धवट, अवजड आणि खर्चिक असतो. पोलिओग्रस्तास श्वास देणारे लोखंडी फुप्फुस, अवयवांचे रोपण ही त्याची उदाहरणे. ज्या घरात डायलिसिस सुरू आहे तेथे या विभागणीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. तिसरा प्रकार म्हणजे रोग्याला धीर देणे, त्याच्यापाशी थांबणे. तो अपरिहार्य आहे असे थॉमस मान्य करतात, पण त्यास तंत्र म्हणण्याची त्यांची तयारी नाही. विज्ञान पुढे गेले की त्याची गरजही ओसरेल, असा निबंधाचा सूर आहे.

हे भाकीत कितपत खरे ठरले? भारतात रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. जठरातील व्रणांचे मूळ बहुतांशी एका जिवाणूत आहे, हे मार्शल आणि वॉरन यांनी दाखवले आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. येथवर थॉमस जिंकले. पण एड्सचे काय? १९९६ पासून रूढ झालेल्या संयुक्त औषधांनी रोग मुळासकट जात नाही, ती आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि तरीही त्यांनी असंख्य माणसांना वर्षानुवर्षांचे आयुष्य दिले. अर्धवट उपाय इतका तुच्छ नसतो.

येथे त्यांच्या संशोधनातलीच एक हकीकत आठवते. पपईच्या चिकातले पपेन टोचल्यावर सशांचे कान लुळे पडतात, हे त्यांनी पाहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसेना, म्हणून विषय मागे पडला. कूर्चा ही निष्क्रिय वस्तू, तिच्यात काय घडणार, असा तेव्हाचा समज. काही वर्षांनी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्यांनी निरोगी कानाचा आणि लुळ्या कानाचा छेद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा पेशींमधला भरावच कमी झाल्याचे स्पष्ट दिसले.

शुश्रूषेच्या बाबतीत त्यांचे असेच झाले, असे आम्ही म्हणू. ‘द यंगेस्ट सायन्स’ (१९८३) या आत्मकथनात साठी ओलांडलेले थॉमस रोगी म्हणून खाटेवर पडलेले आहेत आणि रुग्णालय नावाचा डोलारा परिचारिकांनी सांधून धरला आहे, हे ते आता आतून पाहतात. रोग्याच्या उघड्या छातीला कान लावणाऱ्या जुन्या डॉक्टराची जवळीक स्टेथोस्कोपने कशी दूर नेली, हेही ते खंत करीत सांगतात. सिद्धान्ताच्या भाषेत त्यांनी जुने मत मागे घेतलेले नाही. ते घ्यायला हवे होते, असे आमचे मत आहे.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या संग्रहात माहलरच्या नवव्या सिंफनीवरील निबंध आहे. एके काळी या संगीतात त्यांना मरणाचा शांत स्वीकार ऐकू येई. अण्वस्त्रांच्या काळात तेच सूर ऐकताना शहरे बेचिराख होताना दिसतात आणि आजच्या तरुणांनी हे सोसावे कसे, असा प्रश्न पडतो. सर्व आशावाद गळून पडलेला असा हा त्यांचा एकच निबंध आमच्या वाचनात आहे, आणि तो फार थोड्या पानांचा आहे.

थॉमस प्रथमच हाती घेणाऱ्याने मात्र ‘द यंगेस्ट सायन्स’पासून आरंभ करावा. घरात कोणी परिचारिका असेल, तर त्यातले परिचारिकांवरील प्रकरण आधी तिच्या हाती द्यावे.