‘दयामरण’, ‘इच्छामरण’ आणि वैद्यकीय पूर्वनिर्देश : एक भाषिक चिकित्सा

प्रास्ताविक

नवा हक्क प्राप्त झाला की त्यासाठी नवा शब्द घडवावा लागतो. अन्यथा जुना शब्द आपल्या जुन्या अर्थासह त्या जागी येऊन बसतो. आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार नकोत, हे शुद्धीवर असतानाच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात मान्य केला. मराठीत मात्र या विषयाची चर्चा बहुधा ‘दयामरण’ आणि ‘इच्छामरण’ या दोन शब्दांभोवतीच फिरते. या शब्दांमुळे मूळ आशय कसा झाकोळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दया कोणाची?

‘दयामरण’ या शब्दात कर्ता दुसराच असतो. रुग्ण केवळ दयेचा विषय ठरतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांना अन्न देणे थांबवावे अशी याचिका केली. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी त्यास विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा मानला. कणव दोन्ही बाजूंना होती. रुग्णाचा स्वतःचा शब्द तेवढा नव्हता. पूर्वनिर्देश ही उणीव भरून काढतो. तो दयेची याचना करीत नाही. तो प्रथमपुरुषी विधान करतो.

इच्छा कशाची?

‘इच्छामरण’ या शब्दामागे भीष्मांना लाभलेल्या वराची स्मृती आहे. महाराष्ट्राला १९६६ मधील स्वातंत्र्यवीर सावरकरांचे प्रायोपवेशन आणि १९८२ मधील पवनार येथील विनोबांचा अन्नत्यागही ठाऊक आहे. परंतु तेथे निर्णय आणि कृती दोन्ही भानावर असलेल्या व्यक्तीच्या हाती होत्या. पूर्वनिर्देश लागू होतो तो नेमका उलट स्थितीत : आजार बरा होण्याची आशा नसताना आणि रुग्णाची निर्णयक्षमता संपलेली असताना. शिवाय त्यातील इच्छा मृत्यूची नसते. निष्फळ उपचार नाकारून मृत्यूला त्याच्या स्वाभाविक गतीने येऊ देणे, एवढाच तिचा आशय असतो. प्राणघातक औषध देऊन जीवन संपविण्यास भारतीय कायद्याने अनुमती दिलेली नाही.

शब्दाचे व्यावहारिक परिणाम

हा भेद केवळ कोशातला नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने कार्यपद्धती सुलभ केली. न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीऐवजी आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. मात्र निर्देश संदिग्ध असल्यास वैद्यकीय मंडळाने तो अमलात आणू नये, ही अट महत्त्वाची आहे. ‘मला इच्छामरण हवे’ असे लिहिणारा त्यामुळे स्वतःचाच दस्तऐवज दुबळा करतो. ‘बरे होण्याची आशा नसल्यास श्वसनयंत्र लावू नये, नळीवाटे अन्न देऊ नये, वेदनाशमन मात्र चालू ठेवावे’ असे लिहिणारा डॉक्टरांना आणि अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या मुलांना निश्चित आधार देतो.

अर्थात नेमक्या शब्दांनाही मर्यादा आहेत. निर्देश स्वेच्छेने दिलेला असावा, असे कायदा म्हणतो. परंतु उपचारांचा खर्च कुटुंबाला पेलवत नाही तेथे वृद्धाचे ‘नको’ हे उपचाराला आहे की रुग्णालयाच्या बिलाला, हे कागदावरून कळत नाही. हा प्रश्न परिभाषेने सुटणारा नाही.

निष्कर्ष

‘दयामरण’ रुग्णाचे कर्तेपण हिरावून घेते, तर ‘इच्छामरण’ त्याच्यावर न केलेल्या इच्छेचा आरोप करते. ‘वैद्यकीय पूर्वनिर्देश’ हा शब्द काहीसा रुक्ष खरा; परंतु कोण बोलतो, केव्हा बोलतो आणि कशाविषयी बोलतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. ज्या भाषेत माणूस आयुष्यभर बोलला, त्याच भाषेत त्याचे अखेरचे ‘नको’ निःसंदिग्धपणे लिहिता यावे, ही मराठी परिभाषेची जबाबदारी होय.