एक, अनेक आणि जाळे

एखादी कलाकृती सर्वांच्या स्मरणात असावी आणि समीक्षेच्या नोंदीत मात्र कोठेच नसावी, असे घडते तेव्हा तिचा अर्थ सर्वांना आधीच कळलेला आहे, असे गृहीत धरलेले असते. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'एक, अनेक और एकता' (१९७४) या सुमारे सात मिनिटांच्या संगीतमय अ‍ॅनिमेशनपटाची स्थिती अशीच आहे. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि दूरदर्शनवरून तो एका संपूर्ण पिढीपर्यंत पोहोचला. या पिढीने त्याची आठवण जपली. परंतु त्याचे वाचन केले नाही. 'एकीचे बळ' हे त्याचे तात्पर्य ठरून गेले आणि तात्पर्य ठरल्यावर संहितेकडे वळण्याचे प्रयोजन उरले नाही. वस्तुतः ही संहिता आपल्या तात्पर्यापेक्षा अधिक काही सांगते.

या बोधपटाची भाषा हिंदी असली, तरी त्याची जडणघडण मराठी कलापरंपरेपासून दूरची नाही. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे (१९२१–२०१९) या भारतातील फिल्म सोसायटी चळवळीच्या आधारस्तंभांपैकी एक होत्या. संगीत वसंत देसाई यांचे होते. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतील त्यांनी स्वरबद्ध केलेल्या प्रार्थना शाळाशाळांतून म्हटल्या गेल्या. समूहाने सहज म्हणावी अशी चाल बांधणे हे त्यांचे खास सामर्थ्य होते. समारोपाचे गीत लिहिणारे पं. विनयचंद्र मौद्गल्य हे विनायकराव पटवर्धनांचे शिष्य, म्हणजे विष्णु दिगंबरांच्या परंपरेतील. पुढे पार्श्वगायिका म्हणून ख्याती पावलेल्या साधना सरगम यांचा बालवयातील आवाज त्यात आहे. चित्रांकन भीमसेन यांचे. ठसठशीत आकार, सपाट रंग आणि मोजकी हालचाल ही त्याची वैशिष्ट्ये होत.

बोधपटाचा घाट तपासला, तर तो एकसंध कथेचा नाही. आरंभी मुलांचा संवाद येतो. मग 'अनेक' या शब्दाचा अर्थ विचारला जातो. मोठी बहीण सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक अशा दाखल्यांनी तो सांगते. नंतर पक्ष्यांची गोष्ट, तिच्या आधारे झाडावरचे आंबे काढण्याची मुलांची युक्ती आणि अखेरीस समूहगीत. व्याकरणाचा धडा, आख्यान, खेळ आणि गाणे असे हे चार लहान तुकडे आहेत. नवसमीक्षेने रूढ केलेल्या सेंद्रिय एकात्मतेच्या निकषावर ही रचना विसविशीत ठरेल. परंतु पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असा कीर्तनाचा क्रम परिचित असलेल्या मराठी वाचकाला तिचे तत्त्व ओळखता येते. येथे एकसंधता अंगांगीभावातून येत नाही, ती क्रमातून येते.

जाळ्यासकट उडालेल्या पक्ष्यांची कथा प्राचीन आहे. हितोपदेशात कपोतराज चित्रग्रीव थव्याला सावध करतो, थवा लोभापायी त्याचे ऐकत नाही आणि सापडतो. राजाच्या सल्ल्याने सारे मिळून जाळे उचलतात. राजाचा मित्र हिरण्यक नावाचा उंदीर ते कुरतडतो, तेव्हा 'आधी माझ्या आश्रितांना सोडव' असा राजाचा आग्रह असतो. सम्मोदमान जातकातील लावे प्रथम असेच सुटतात. पुढे क्षुल्लक कारणावरून भांडतात आणि पारध्याच्या हाती लागतात.

१९७४ च्या संहितेत यातील काय गाळले आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते. येथे राजा नाही. त्यामुळे इशारा नाही, अवज्ञा नाही आणि अपराधही नाही. निर्णय थव्यातूनच उमटतो. राजधर्माची कथा अशा रीतीने प्रजासत्ताकाची कथा होते. हे रूपांतर नजरेआड करण्याजोगे नाही. परंतु राजाबरोबर मतभेदही गेला आहे. चित्रग्रीवाच्या थव्यात निदान वाद होतो, जातकातील लाव्यांत तर तो विनाशापर्यंत जातो. या थव्यात मात्र कोणी निराळे बोलत नाही. येथील 'अनेक' हे एकाचेच अनेकवचन आहे. पुढच्याच वर्षी, जून १९७५ मध्ये, देशात आणीबाणी जाहीर झाली आणि एकतेच्या नावाने मतभेद दडपणे हे राज्यकारभाराचे अंग बनले. हा बोधपट त्या राजवटीचा उद्गार खचितच नव्हे. पण विसंवादाला जागा न ठेवणारी एकता किती सहजपणे कल्पिली जात होती, याची ती खूण आहे.

तथापि संहिता येथेच थांबत नाही. एकजुटीने पक्षी जाळ्यासकट उडतात, हे खरे; पण उडूनही ते जाळ्यातच असतात. एकीने संकटाची जागा बदलते, संकट सुटत नाही. जाळे तुटते ते उंदरांच्या दातांनी. ज्यांना पंख नाहीत, जे बिळात राहतात, ज्यांचे थव्याशी कोणतेही साम्य नाही, त्यांच्यापाशी नेमके ते आहे जे पक्ष्यांपाशी नाही. मुक्तीचे साधन सारखेपणात नसून भिन्नतेत आहे, असे कथेची रचना सांगते. तात्पर्य 'एक व्हा' असे म्हणते. कथानक मात्र 'निराळ्याशी मैत्र ठेवा' असे म्हणते. या अंतरातच बोधपटाचे साहित्यिक मूल्य आहे.

समारोपाच्या गीतात हेच द्वंद्व प्रतिमांच्या रूपाने अवतरते. नाना जातींची फुले एका माळेत गुंफली जातात, निरनिराळ्या पक्ष्यांचे स्वर एका रागात येतात आणि वेगवेगळ्या नद्या एका सागराला मिळतात. या तिन्ही प्रतिमा समानार्थी मानण्याची सवय झालेली आहे. त्या तशा नाहीत. माळेत जाई जाईच राहते. रागात स्वर आपले स्थान राखतो, पण शिस्त स्वीकारतो. सागरात मात्र कृष्णेचे नावही उरत नाही. सहवास, अनुशासन आणि विलय अशा एकतेच्या तीन भिन्न संकल्पना एका चालीत सलग बसविल्या गेल्या आहेत. देसाई यांची सुबोध चाल त्यांच्यातील विरोध ऐकू येऊ देत नाही. बोधपटाचे सामर्थ्य ते हेच, आणि त्याची मर्यादाही हीच.

माळेची प्रतिमा संग्रह या रूपबंधाकडे घेऊन जाते. संग्रहाला युरोपीय भाषांत असलेल्या 'अँथॉलॉजी' या संज्ञेचा मूळ ग्रीक अर्थच फुले वेचणे असा आहे. ज्या महाराष्ट्री प्राकृताशी मराठीचे नाते जोडले जाते, तिच्यातील गाथासप्तशती हाही असाच कोश असून, त्याचे संकलन परंपरेने हाल सातवाहनाच्या नावावर आहे. तेथे कोणतीही गाथा दुसरीत विरघळत नाही. अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रात या रूपबंधाचे ठळक, पण दुर्लक्षित उदाहरण म्हणजे वॉल्ट डिस्ने यांचा 'मेक माइन म्युझिक' (१९४६). बेनी गुडमनच्या जाझपासून प्रोकोफिएव्हच्या 'पीटर अँड द वुल्फ'पर्यंतचे दहा संगीतखंड त्यात एकापुढे एक मांडले आहेत. त्यातील अखेरच्या खंडात विली नावाचा देवमासा एकाच कंठातून अनेक पुरुषस्वरांत गातो. एका देहात अनेक आवाज असू शकतात, हे एका संगीतसंयोजकाला पटत नाही. माशाने गायक गिळले आहेत, असे समजून तो त्याला भाल्याने मारतो. 'एक, अनेक और एकता' अनेकांतून एक घडवू पाहतो. विलीची शोकांतिका एकाच्या आत अनेक असतात, हे न उमगल्यामुळे घडते. दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या म्हणजे पहिलीत न विचारलेला प्रश्न उघड होतो: 'एक' ही तरी निखळ, अखंड वस्तू आहे काय?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारखे गाव या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. बोधपट तयार झाला तेव्हा ते तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते जालना जिल्ह्यात आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्याच्या बोलीत मराठी, दखनी आणि फारसी शब्दांचे थर मिसळलेले आहेत. गावाच्या नावातील 'आबाद' त्याचीच साक्ष देतो. अशा ठिकाणी 'अनेक' हे गावाबाहेरून आणून एकत्र गुंफावयाचे नसते. ते एका नावात, एका वाक्यात आधीच नांदत असते. मराठी मूल जी पहिली गोष्ट ऐकते, तीत मेणाच्या घरातील चिमणी पावसात भिजणाऱ्या कावळ्याला दार उघडत नाही. त्या बंद दारापुढे उंदरांशी मैत्र राखणाऱ्या चिमण्यांची गोष्ट ठेवली, तर दुसरीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

या बोधपटाला स्मरणरंजनाच्या कोंदणातून बाहेर काढण्याचे कारण हेच. त्याचे गीत सागरापाशी पोहोचते, त्याची कथा मात्र दातांपाशी थांबते. पाठ्यपुस्तकी वाचनाने आजवर गीतालाच प्रमाण मानले. समीक्षेने कथेलाही साक्षीला बोलावले पाहिजे. कारण जाळे उचलणे आणि जाळे तोडणे या दोन क्रियांतील फरक त्या कथेने, आपल्या बोधाची पर्वा न करता, नेमका नोंदवून ठेवलेला आहे.