वर्डमधलं पोस्टर आणि फ्लेक्सवाल्याचा काय दोष

माझ्या पोस्टरवर मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झालेत हे मला कळलं तेव्हा मी त्या पोस्टरशेजारीच हसऱ्या चेहऱ्याने उभी होते. परीक्षक चष्मा वर करून तक्त्यात डोकावले आणि म्हणाले, "एवढं कीटकनाशक मातीत? मग तिथं गवत तरी उगवतं का?" मी बघितलं. एकक चुकलं होतं, एकदा नाही, सगळीकडे. माझा प्रत्येक आकडा हजारपट झाला होता.

मी कापसाच्या शेतातल्या मातीत कीटकनाशकाचे अंश किती उरतात ते मोजते. यवतमाळ जिल्ह्यात हा विषय नुसता अभ्यासाचा नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात इथले वीसएक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. अशा जिल्ह्यात हजारपट चुकीचा आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावणं म्हणजे काय, ते सांगायला नको. आणि पोस्टरचे फोटो लोक काढतात. माझ्या आधी तिघांनी काढले होते.

आता हे झालं कसं? जुन्या सवयीने मी वर्डमध्ये 'एम' हे अक्षर टाइप करून त्याला सिम्बॉल नावाचा फॉन्ट दिला होता. त्या फॉन्टमध्ये 'एम' हा ग्रीक 'म्यू'सारखा दिसतो, पण आतून तो 'एम'च राहतो. फ्लेक्सच्या दुकानात माझी फाइल तीन फूट बाय चार फुटांवर जाईना, म्हणून तिथल्या भाऊंनी सगळा मजकूर उचलून कोरलड्रॉमध्ये टाकला आणि सरसकट एरियल फॉन्ट लावला. सिम्बॉल गेला, 'एम' उघडा पडला. भाऊंनी तर आधीच विचारलं होतं, "ताई, वर्डची फाइल कायले आणली जी? पीडीएफ आणाची होती ना." मी म्हटलं, चालते ना भाऊ, करून द्या. त्यांनी करून दिलं. त्यामुळे तक्रार करायची तर ती स्वतःची आणि थोडी आपल्या पद्धतीची.

पद्धतीची का, ते ऐका. २००६ पासून आविष्कार संशोधन महोत्सव सुरू आहे, त्याशिवाय महाविद्यालयांच्या परिषदा असतात. पोस्टर करायची वेळ आता एमएस्सीच्या पहिल्या वर्षातच येते. वणी असो, पुसद असो की घाटंजी, मुलांच्या हातात असतं काय? संगणक कक्षातलं वर्ड. सूचनापत्रात लिहिलेलं असतं, 'पोस्टर ३ बाय ४ फूट'. एका परिषदेने तर सोबत नमुना म्हणून वर्डची फाइल पाठवली होती, ए-४ आकाराची! आणि वर्डमध्ये पानाची कोणतीही बाजू २२ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५५.८ सेंटिमीटरपेक्षा मोठी करताच येत नाही. तीन फूट म्हणजे ३६ इंच, तेव्हा सांगितलेला आकार त्या साधनात बसतच नाही. ए-० तर सोडाच (८४१ बाय ११८९ मिलिमीटर), ए-२ सुद्धा बसत नाही, कारण त्याची लांब बाजू ५९४ मिलिमीटर आहे. सूचना काढणाऱ्याने एकदा तरी त्या साधनात तसं पोस्टर करून बघितलं असतं, तर पुढचे घोळ झाले नसते.

मग पोरं काय करतात? ए-४ वर पोस्टर बनवून दुकानात सांगतात, 'तीन बाय चार करून द्या.' इथे दुसरा घोळ सुरू होतो. ए मालिकेतल्या कोणत्याही कागदाची लांबी रुंदीच्या १.४१४ पट असते, तीन बाय चारची १.३३३ पट. दुकानदाराने कोपरे धरून ताणलं की रुंदी लांबीपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त वाढते. अक्षरांत ते कळतही नाही, पण पेट्री डिश लंबगोल होते आणि नकाशावरचा जिल्हा फुगतो. एखादा नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढायला गेला, तर आडवं माप एक येईल आणि उभं दुसरं.

यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे 'वर्ड सोडा, पॉवरपॉइंट घ्या'. सल्ला बरोबर आहे. तिथे ५६ इंचांपर्यंत जाता येतं आणि चौकटी हलवणं सोपं पडतं. पण मला तो अर्धवट वाटतो, कारण साधन बदललं की सवयी आपोआप बदलत नाहीत. सिम्बॉलमधला 'एम' पॉवरपॉइंटमध्येही 'एम'च राहतो. आणि ज्याला उद्या सकाळी पोस्टर द्यायचंय आणि वर्डच येतं, त्याने काय करायचं? वर्डमध्येही करता येतं, फक्त गणित आधी करायचं. तीन बाय चार फुटांसाठी पान १२ बाय १६ इंच ठेवा आणि दुकानात '३०० टक्के' सांगा. एक मीटर बाय एक मीटर हवं असेल तर ५० बाय ५० सेंटिमीटरचं पान आणि '२०० टक्के'. आकार फुटात आहे की मीटरमध्ये, ते सूचनापत्रात नीट वाचा आणि दुकानात तसंच्या तसं सांगा. मीटर म्हणजे ३.२८ फूट. फ्लेक्सच्या दुकानात फुटाचा हिशेब चालतो, तिथे एक मीटरचे तीन फूट करून टाकणं ही कुणाची लबाडी नसते, सवय असते.

हे गणित केलं की अक्षरांचंही भान येतं. पोस्टरवर मजकूर २४ पॉइंटचा हवा असेल, तर १२ बाय १६ च्या पानावर तो ८ पॉइंटचा दिसणार. पडद्यावर ८ पॉइंट बघून आपल्याला तो बारीक वाटतो, आपण १२ करतो, मग मजकूर मावत नाही, मग समास खातो. माझी एक साधी परीक्षा आहे. पोस्टरची पीडीएफ ए-४ वर छापा आणि पुस्तक धरतो तसं ४० सेंटिमीटरवर धरून वाचा. ए-० वर तेच चौपट होतं, म्हणजे ते पोस्टर १६० सेंटिमीटरवरून, सव्वापाच फुटांवरून, तितकंच वाचता येईल. लोक साधारण तिथेच उभे राहतात. हातातला कागद वाचताना डोळे बारीक होत असतील तर पोस्टरही वाचलं जाणार नाही.

फोटोंचं दुखणं वेगळं. वर्ड फाइल सेव्ह करताना चित्रं गुपचूप लहान करतं, बहुतेक वेळा इंचाला २२० बिंदूंवर आणतं. ३०० टक्के मोठं केलं की त्याचे ७३ उरतात, म्हणून शेतातला सुंदर फोटो लांबून बरा आणि जवळून ठिगळासारखा दिसतो. ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डमध्ये चित्रं न दाबण्याची खूण आहे, ती चित्रं टाकायच्या आधी करा, नंतर करून गेलेले बिंदू परत येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो तर आधीच आकसलेला असतो. मूळ फोटो मागून घ्या. आलेख मात्र एक्सेलमधून आलेख म्हणूनच ठेवा, त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका.

मराठी मजकुराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे सगळ्यात जास्त मोडतोड होते. आपल्याकडे अजून कृतिदेवमध्ये टंकलेले गोषवारे फिरतात. कृतिदेवमधला 'मराठी' हा शब्द आतून ई-जे-के-बी-एच असा रोमन अक्षरांचा असतो. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे नेमकं तेच दिसतं. माझ्या 'म्यू'चं जे झालं ते इथे अख्ख्या परिच्छेदाचं होतं, फक्त इथे चूक लगेच दिसते. 'म्यू'ची दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. युनिकोडमध्ये टंकलं तरी दुकानातल्या जुन्या कोरलड्रॉमध्ये जोडाक्षरं सुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. म्हणून दुकानात वर्डची फाइल न्यायचीच नाही. पीडीएफ न्यायची, फॉन्ट आत बसवलेली, आणि ती आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघायची, कारण आपल्या संगणकावर आपले सगळे फॉन्ट असतातच.

आता मांडणीबद्दल. २०१९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माईक मॉरिसनने एक व्हिडिओ काढला. पोस्टरच्या मधोमध एकच मोठं, साधं वाक्य, मुख्य निष्कर्षाचं, आणि तपशील कडेच्या पट्ट्यांत, असं त्याचं म्हणणं. जगभर गाजलं. मला ते निम्मं पटतं. वर्डमध्ये बनलेली आपली पोस्टरं म्हणजे प्रबंधाची पानं भिंतीला टांगलेली असतात. प्रस्तावनेचे तीन परिच्छेद आणि निष्कर्ष खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे टेबलाची कड येते. त्यावर मॉरिसनचा उतारा चांगला आहे. पण आपल्याकडे परीक्षक पद्धती, नमुने आणि आकडे शोधतो आणि ते कडेला बारीक असतील तर गुण जातात. शिवाय एक मोठं वाक्य चुकलं तर चूकही तेवढीच मोठी होते. माझ्या पोस्टरवर मधोमध तेव्हा 'मिलिग्रॅम' असतं, तर कल्पनाच करवत नाही.

मी आता मधे वाक्य नाही, आलेख ठेवते. वर निष्कर्षाची एक ओळ मराठीत, कारण परिषद यवतमाळला आहे आणि बघायला येणाऱ्यांत ज्यांच्या शेतातून मी माती आणली तेही असू शकतात. एकक संक्षेपात नाही, पूर्ण शब्दात लिहिते, मायक्रोग्रॅम. जागा जास्त जाते, जाऊ दे.

त्या दिवशीचं राहिलं. परीक्षकांना मी खरं काय ते सांगितलं आणि पेनाने प्रत्येक 'एम' खोडून 'म्यू' केला, सगळ्यांसमोर. फ्लेक्सवर बॉलपेन चालत नाही, शेजारच्या मुलीने मार्कर दिला. फोटो काढलेल्या तिघांपैकी दोघं सापडले, त्यांना पुन्हा काढायला लावला. तिसरे कोण होते ते अजून कळलेलं नाही.