पिंगलाचे सूत्र आणि लव्हलेसची सारणी

गणकयंत्राचा विषय निघाला की उत्सवातील व्याख्यानांतून एक विधान हमखास कानी पडते: हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते. श्रोते टाळ्या देतात. मात्र पिंगलाचार्यांचे छंदःशास्त्र, ज्याचा या संदर्भात वारंवार उल्लेख होतो, ते उघडून पाहण्याचे श्रम क्वचितच कोणी घेतो.

त्याचा आठवा अध्याय अवश्य पाहावा. सहा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंची मांडणी किती प्रकारांनी होईल, हे सर्व प्रकार न लिहिता कसे काढावे? संख्या सम असल्यास अर्धी करून ‘दोन’ ही खूण करावी. विषम असल्यास एक वजा करून ‘शून्य’ ही खूण करावी. काही उरेनासे होईपर्यंत हेच चालू ठेवावे. सहाच्या खुणा येतात दोन, शून्य, दोन, शून्य. आता १ पासून आरंभ करून खुणा उलट क्रमाने घ्याव्या. शून्यापाशी दुप्पट, दोनापाशी वर्ग. २, ४, ८ आणि शेवटी ६४.

येथे यंत्राचा मागमूसही नाही. परंतु ठरलेल्या पायऱ्यांनी अचूक उत्तराप्रत नेणारी रीत आहे. अशा रीतीस आज ‘अल्गोरिदम’ म्हणतात. तो शब्द नवव्या शतकातील बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला. भारतीय अंकपद्धतीवरील त्यांचा ग्रंथ लॅटिन भाषांतराच्या द्वारे युरोपात पोहोचला. विद्या अशीच हातोहात जाते.

आता दुसरे लेखन पाहू. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित यंत्रावर एडा लव्हलेस यांनी १८४३ साली टिपा प्रसिद्ध केल्या. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याची संपूर्ण सारणी आहे: कोणती राशी कोठे ठेवावी, कोणती क्रिया केव्हा करावी, काय पुन्हा करावे. ते यंत्र पूर्णत्वास गेलेच नाही. सारणी मात्र राहिली.

दोन्ही लेखनांतील खरा भेद येथे आहे. पिंगलांचे सूत्र इतके आटोपशीर आहे की दहाव्या शतकातील हलायुधांच्या टीकेवाचून आपणांस ते उलगडणे कठीण. हा दोष नव्हे. कारण समोर शिष्य आहे आणि शेजारी गुरू आहे. यंत्राला गुरू नसतो. त्याच्यासाठी काहीही अध्याहृत ठेवून चालत नाही. लव्हलेस यांच्या छापील सारणीत एके ठिकाणी भाज्य-भाजकांची अदलाबदल झाली आहे. जाणता वाचक ती मनोमन दुरुस्त करील. यंत्र मात्र चूक तशीच पाळील.

म्हणून पिंगलांना यंत्राचे जनक म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांनी केले ते पुरेसे थोर आहे. त्यांच्या नावाने टाळी देण्यापूर्वी एकदा आठ अक्षरांच्या चरणाचे गणित त्यांच्या रीतीने स्वतः करून पाहावे. २५६ हे उत्तर हाती येईल तो क्षण व्याख्यानातील अभिमानाहून निश्चितच अधिक सात्त्विक आनंदाचा ठरेल.